तीनदा पेस्ट बदलली, तरी प्रोसेसर शंभरीला! कूलर बसवताना माझं काय चुकतंय?

धायरीकर | ९ मे, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी,

आठ दिवस झाले, कॉम्प्युटरचा प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या एका कूलरने झोप उडवली आहे. सविस्तर लिहितो, म्हणजे कोणाला काही खटकलं तर लगेच सांगता येईल.

घरी २०१९ साली जोडलेला कॉम्प्युटर होता, आय-५ ९४००. मुलगी आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. रात्री रेंडर (डिझाइनवरून कॉम्प्युटरने तयार करायचं चित्र) लावून झोपायची आणि सकाळी उठून बघते तर काम अर्ध्यावरच. म्हणून एप्रिलमध्ये मदरबोर्ड, रॅम आणि प्रोसेसर बदलले. नवा प्रोसेसर आय-५ १२४००. कॅबिनेट, पॉवर सप्लाय आणि टॉवर कूलर जुनेच ठेवले. कूलर चांगला आहे, चार हीटपाइप आणि १२० मिमीचा पंखा. जुन्या प्रोसेसरवर साठच्या वर काटा कधी गेला नाही. नव्या सॉकेटसाठी, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या जागेसाठी, लागणारं बसवायचं किट त्याच कंपनीकडून वेगळं मागवलं. सगळी जोडणी मी स्वतः केली.

प्रोसेसर आणि कूलरच्या मधे लावायची थर्मल पेस्ट पहिल्यांदा मध्यभागी वाटाण्याएवढी ठेवली. सिनेबेंच, म्हणजे प्रोसेसरला पूर्ण राबवणारी चाचणी, लावल्यावर दोन मिनिटांत ९५ अंश. खोलून पुसलं आणि दुसऱ्यांदा फुलीसारखी लावली. तेच. तिसऱ्यांदा जुन्या एटीएम कार्डाने सगळीकडे सारखी पसरवली. ९८! दहा मिनिटांनी १०० ला टेकतो आणि वेग ४.० वरून ३.५ गिगाहर्ट्झवर उतरतो. पेस्ट आर्क्टिक एमएक्स-४ आहे, चार ग्रॅमची ट्यूब आता संपत आली.

ट्यूब बनावट असेल का? दुसरी कुठली घेऊ? नेमकी किती लावायची? मुलीचं सबमिशन २० मेला आहे, तोवर हे मार्गी लागायलाच हवं.

---

निवांत | ९ मे, रात्री ११:०५

माझ्याकडेही १२४०० आहे, तोही इंटेलच्या बॉक्समधल्या छोट्या कूलरवर. भर उन्हाळ्यातही ऐंशीच्या आतबाहेर राहतो. तुमच्या टॉवर कूलरवर शंभर म्हणजे काहीतरी नक्की गडबड आहे. जाणकारांच्या प्रतीक्षेत.

---

ॲम्प्लीवाला | १० मे, सकाळी ७:३०

मी ॲम्प्लीफायर बनवतो. पुण्यात तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात ट्रान्झिस्टरला लावायची पांढरी हीटसिंक कंपाउंड मिळते, छोट्या डबीत. वीस वर्षं तीच वापरतोय, एक ट्रान्झिस्टर जळला नाही. एवढ्या महागड्या ट्यूबच्या नादी कशाला लागायचं? एकदा ती लावून बघा.

---

मेधा_दुरुस्ती | १० मे, सकाळी ९:१५

धायरीकर दादा, पेस्टच्या नावाकडे आपण शेवटी येऊ. एमएक्स-४ चांगली पेस्ट आहे. ती अगदी बनावट निघाली असती तरी तीस अंशांचा फरक एकट्या पेस्टने पडत नाही. दाणा, फुली, रेघ, पसरवणं या सगळ्या पद्धतींत मला आजवर दोन-तीन अंशांपलीकडे फरक दिसलेला नाही. १२४०० च्या वरच्या धातूच्या झाकणासाठी मोठ्या वाटाण्याएवढा गोळा पुरतो. हे झाकण चौकोनी नसून लांबट आहे, म्हणून वाटाण्याऐवजी उभी जाड रेघ ओढली तरी चालते. थोडी जास्त झाली तर कडेने बाहेर येते, पुसून टाकायची. या पेस्टमधून वीज वाहत नाही, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. कमी पडली तर मात्र कोपरे कोरडे राहतात.

मी पेठेत बसून रोज चार-पाच कॅबिनेट उघडते. "पेस्ट वाळली आहे, बदलून द्या" म्हणून येणाऱ्या मशिनांत निम्म्यांना पेस्टशी देणंघेणंच नसतं. म्हणून काही गोष्टी विचारते:

कूलरच्या तळाला चिकटवलेली पारदर्शक फिल्म काढली होती ना? कूलर जुना आहे, म्हणजे २०१९ लाच निघाली असेल, तरी विचारते. गेल्या महिन्यात एकजण मशीन घेऊन आले, दुसऱ्या कोणी तरी जोडून दिलेलं. कूलर काढला तर फिल्म तशीच, आणि तिच्यावर "वापरण्यापूर्वी काढा" अशी इंग्रजी अक्षरं पेस्टमधून उलटी उमटलेली. चार महिने त्यांनी तसंच वापरलं होतं.

पंख्याची वायर सीपीयू फॅन लिहिलेल्या पिनांवरच आहे ना, आणि पंखा फिरतोय ना?

चाचणी घेतली तेव्हा खोलीचं तापमान किती होतं?

आणि सगळ्यात महत्त्वाचं. कूलर उचलला तेव्हा पेस्टचा ठसा कसा होता? तीनदा काढलात म्हणता, तर तीनदा तुम्ही तो बघितला असणार. आठवून लिहा.

---

भोसरी_टूलरूम | १० मे, दुपारी १२:५०

मेधाताईंनी नेमकी जागा दाखवली आहे. मी कॉम्प्युटरवाला नाही. भोसरी एमआयडीसीत टूलरूममध्ये ३१ वर्षं काढली, आता निवृत्त आहे. नातवाचा कॉम्प्युटर जोडताना मला जाणवलं की हे काम आमच्या ब्ल्यू मारण्याच्या कामाचं सख्खं भावंड आहे.

डाय, म्हणजे धातूचे साचे, बनवताना दोन पृष्ठभाग एकमेकांवर घट्ट बसायला लागतात. डोळ्यांना दोन्ही आरशासारखे दिसतात. पण एकावर निळ्या रंगाचा अगदी पातळ हात द्यायचा, दुसरा त्यावर टेकवायचा, जरा सरकवायचा आणि उचलायचा. जिथे रंग लागला तो उंचवटा, जिथे कोरडं राहिलं तो खड्डा. मग उंचवटा स्क्रेपरने काढायचा, पुन्हा ब्ल्यू, पुन्हा ठसा. एकेका डायला दोन-दोन दिवस जायचे. आमचे फोरमन ठसा बघितल्याशिवाय कोणाचं ऐकून घ्यायचे नाहीत.

प्रोसेसरचं झाकण म्हणजे निकेल चढवलेलं तांबं. कूलरचा तळही तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा. दोन्ही गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यावर बारीक ओरखडे आणि चढउतार असतातच. नुसते एकमेकांवर ठेवले तर मोजक्या ठिकाणी टेकतात, बाकी मधे हवा. तांब्यातून उष्णता वाहण्याचा आकडा ४०० च्या आसपास, ॲल्युमिनियमचा २३५ च्या आसपास. हवेचा ०.०२६! पेस्टवर कंपन्या ८, १२ असे आकडे छापतात. प्रत्येकाची मोजायची पद्धत वेगळी असल्याने ते एकमेकांशी ताडून बघण्यात अर्थ नाही. प्रत्यक्षात ५ धरून चाला. म्हणजे पेस्ट हवेच्या दोनशेपट बरी, आणि तांब्याच्या पासंगालाही पुरत नाही. तिचं काम एकच, हवा हुसकावून त्या खड्ड्यांत बसणं. जिथे धातू धातूला टेकतो तिथे पेस्टची गरजच नाही.

आता एक हिशेब करू. १२४०० सगळे कोअर चालवताना ७५ वॅटच्या आसपास खातो असं धरा, आणि ही उष्णता झाकणाच्या मधल्या साधारण चार चौरस सेंटीमीटरमधून वर जाते असं समजा. पेस्टचा थर ०.०५ मिमी असेल तर तिच्यामुळे वाढतात दोन अंश. तोच थर ०.८ मिमी झाला तर तीस अंश. पेस्ट तीच, ट्यूब तीच.

धायरीकर, तुमचे जास्तीचे अंशही तीसच्याच घरात आहेत. म्हणून विचारतो, ठसा कसा होता?

ॲम्प्लीवाले, तुमची पांढरी कंपाउंड म्हणजे सिलिकॉन तेलात झिंक ऑक्साइड. तिचा आकडा १ च्या आसपास असतो. ट्रान्झिस्टर घट्ट आवळलेला, थर पातळ आणि वॅट थोडे, म्हणून तुमचं काम उत्तम चालतं. इथे एवढ्याशा जागेतून ७५ वॅट काढायचे आहेत, तिथे ती तोकडी पडेल.

---

ॲम्प्लीवाला | १० मे, दुपारी १:२०

काका, हिशेब पटला. धन्यवाद.

---

धायरीकर | १० मे, रात्री ९:५५

सगळ्यांचे आभार. ऑफिसातून आल्यावर पुन्हा खोललं, पुसायच्या आधी नीट बघितलं आणि मग लिहायला बसलो.

फिल्म नाही. पंखा योग्य पिनांवर आहे आणि जोरात फिरतोय. खोलीत ३५ अंश, एसी नाही, खिडकी पश्चिमेची.

ठसा मात्र विचित्र वाटला. मी समजत होतो की पेस्ट दाबली जाऊन पातळ होईल आणि मधे झाकणाचा धातू दिसायला लागेल. प्रत्यक्षात मधे जाड राखाडी थर तसाच आहे, वर टोकं निघालेली, पुरणपोळीच्या पुरणातून बोट उचलल्यावर दिसतात तशी. कडांपर्यंत पेस्ट पोचलेलीच नाही. कूलरच्या तळावर आणि झाकणावर दोन्हीकडे सारखाच जाड लेप.

आणखी एक गोष्ट लिहायची राहिली होती. स्क्रू पूर्ण आवळल्यावरही कूलर दोन्ही हातांनी धरला तर जरासा डावी-उजवीकडे फिरतो. मला वाटलं, टॉवर कूलर उंच असतो, एवढं चालायचंच.

---

मेधा_दुरुस्ती | १० मे, रात्री १०:१०

नाही दादा, एवढं चालत नाही. आवळलेला कूलर हलवला तर अख्खा बोर्ड हलला पाहिजे, कूलर एकटा फिरता कामा नये. तुमचा कूलर प्रोसेसरवर दाबलाच जात नाहीये, पेस्टच्या गादीवर तरंगतोय.

स्क्रू कसे आवळलेत? एक पूर्ण आवळून मग दुसरा, की कर्णात आलटून पालटून?

---

धायरीकर | १० मे, रात्री १०:२५

दोनच स्क्रू आहेत, स्प्रिंगवाले. दोन-दोन फेरे आलटून पालटून दिले, दोन्ही शेवटपर्यंत जाऊन थांबतात. पुढे फिरतच नाहीत.

---

गेमर_वाकड | १० मे, रात्री ११:४०

हा १७०० सॉकेटचा, म्हणजे तुमच्या १२४०० च्या सॉकेटचा, जुना आजार आहे. सॉकेटची पकड प्रोसेसरला मधोमध दाबते, त्यामुळे झाकणाला बाक येतो आणि कूलर नीट टेकत नाही. पकड काढून तिथे काँटॅक्ट फ्रेम बसवा. माझे पाच अंश कमी झाले.

---

मेधा_दुरुस्ती | ११ मे, सकाळी ९:००

गेमर, बाक येतो हे खरं, आणि फ्रेमने काही अंश उतरतात हेही खरं. पण त्यांचे तीस अंश वर आहेत, आणि बाक आलेलं झाकणही कूलर एकटा फिरू देत नाही. शिवाय फ्रेम बसवताना सॉकेटची मूळ पकड काढावी लागते, त्यात वॉरंटीचा प्रश्न येतो. स्क्रू कमी-जास्त आवळले गेले तर कधी रॅमचा एक स्लॉटच दिसेनासा होतो. घाईच्या वेळी त्यांना मी त्या वाटेला पाठवणार नाही.

---

भोसरी_टूलरूम | ११ मे, सकाळी १०:३५

स्क्रू शेवटपर्यंत गेले आणि तरी दाब नाही, याचा अर्थ स्क्रू ज्याच्यावर जाऊन थांबतात ती वस्तू उंच आहे. बोर्डामागच्या बॅकप्लेटवर उभे राहणारे चार स्टँडऑफ, म्हणजे पोकळ खांब, त्यांच्यावर पट्ट्या आणि पट्ट्यांवर कूलर. धायरीकर, हे चार खांब नव्या किटमधले लावलेत की जुनेच?

नातवाच्या वेळी आम्ही कागद वाचून काढला होता, म्हणून आठवतंय. जुन्या ११५१ आणि १२०० सॉकेटला भोकांमधलं अंतर ७५ मिमी, १७०० ला ७८. हा फरक डोळ्यांना लगेच कळतो, कारण जुनी पट्टी बसतच नाही. पण दुसरा फरक उंचीतला आहे. १७०० मध्ये बोर्डापासून झाकणाच्या माथ्यापर्यंतची उंची जुन्या सॉकेटपेक्षा पाऊण मिलिमीटरच्या आसपास कमी आहे. तो डोळ्यांना कळत नाही. जुने खांब राहिले तर कूलर तेवढाच अधांतरी राहणार. आता माझा वरचा हिशेब पुन्हा वाचा.

---

निवांत | ११ मे, सकाळी १०:५०

काका, हे वाचून अंगावर काटा आला.

---

धायरीकर | ११ मे, रात्री ११:३०

काका, जुनेच.

संध्याकाळी घरी आल्या आल्या किटचा खोका पुन्हा उघडला. वरच्या थरात पट्ट्या आणि स्क्रू होते, ते मी वापरले. खालचा फोम उचलला तर त्याच्या खाली चार खांबांची चपटी पुडी. मी ती बघितलीच नव्हती. जुन्या खांबांना आटे तेच, जाडी तीच, पट्टीही बरोबर बसली, म्हणून शंकाच आली नाही.

आमच्या गल्लीत एकांचं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. त्यांच्याकडे दोन्ही खांब घेऊन गेलो. त्यांनी व्हर्नियर लावला. नवा खांब जुन्यापेक्षा ०.८ मिमीने आखूड! दोन्ही शेजारी टेबलावर उभे केले तर त्यांच्या डोक्यांवर पट्टी आडवी ठेवल्याशिवाय फरक जाणवत नाही. त्यांनी स्वतः पट्टी ठेवून मला खालून उजेड दाखवला.

आज रात्री हात लावत नाही. पेस्ट संपली आहे आणि पुसायला आयपीएही नाही. पहिल्या तीन वेळा मी नुसत्या सुक्या कापडाने पुसलं होतं. उद्या तपकीर गल्लीत जातो. काही काळजी घ्यायची असेल तर सांगा.

---

मेधा_दुरुस्ती | १२ मे, सकाळी ८:४५

दादा, सापडलं! फार बरं वाटलं.

आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, नुसतं "आयपीए" म्हटलं तरी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात कळतं. नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात नको, त्यातलं ॲसिटोन प्लॅस्टिक खातं. पुसायला धागे न सुटणारं कापड घ्या. माझ्याकडे जुन्या सुती बनियनचे तुकडे असतात, कॉफीचा फिल्टर कागदही चालतो. कापसाने पुसू नका, तंतू मागे राहतात. प्रोसेसर सॉकेटमध्येच ठेवून पुसा, काढू नका. आयपीए कापडावर घ्यायचं, प्रोसेसरवर ओतायचं नाही. झाकण आणि कूलरचा तळ दोन्ही चकचकीत झाले आणि कोरडे झाले की मगच पेस्ट.

कूलर एकदा टेकवला की पुन्हा उचलायचा नाही. उचलून तसाच ठेवलात तर थरात हवेचे बुडबुडे अडकतात. उचलावाच लागला तर सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून. म्हणून पेस्ट न लावता एकदा रंगीत तालीम करा. पंखा रॅमला अडतो का, स्क्रू कुठून पकडतो, वायर कुठून जाते, सगळं आधी बघून घ्या. टेकवताना सरळ वरून टेकवा, दोन्ही स्क्रू बोटांनीच दोन-तीन आटे धरतील एवढे फिरवा, मग स्क्रूड्रायव्हर घेऊन दोन-दोन फेरे आलटून पालटून.

तुमचं इंटेलचं आहे म्हणून एक संकट टळलं, पण बाकीच्यांसाठी लिहून ठेवते. एएमडीच्या एएम४ सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरला असतात आणि प्रोसेसर फक्त छोट्या दांडीने धरलेला असतो. जुनी पेस्ट घट्ट झाली असेल आणि कूलर सरळ वर ओढला तर दांडी बंद असतानाही प्रोसेसर कूलरला चिकटून बाहेर येतो. माझ्याकडे असा एक आला होता. तळाशी उलटा लटकलेला आणि कोपऱ्यातल्या सहा पिना झोपलेल्या. ०.५ च्या यांत्रिक पेन्सिलीतली शिसं काढली, टोकाची पोकळ नळी एकेका पिनवर चढवली आणि भिंगातून बघत सरळ केल्या. दीड तास लागला. त्या सहातली एक जरी तुटली असती तरी प्रोसेसर जाऊ शकला असता. म्हणून एएम४ वाल्यांनी दहा मिनिटं मशीन चालवून पेस्ट कोमट करावी, बंद करून वायर काढावी, आणि कूलर डावी-उजवीकडे हलका पिळत सैल करूनच उचलावा. एएम५ मध्ये पिना सॉकेटमध्ये गेल्या आणि वर पकड आली, तिथे हा धोका नाही.

---

भोसरी_टूलरूम | १२ मे, सकाळी ९:२०

एक सुचवू का? पेस्ट नवी आणताय तर अर्धा दाणा जास्तीचा खर्च करा. बसवा, आवळा, पाच मिनिटं थांबा आणि मशीन सुरू न करताच पुन्हा काढून ठसा बघा. चारही कडांना पेस्ट पोचली आहे आणि मधे इतकी पातळ आहे की खालचा धातू जाणवतो, असं दिसलं की पुसून कायमची बसवा. आम्ही डाय प्रेसवर चढवायच्या आधी हेच करायचो. तुमचं सबमिशन आठवड्यावर आलंय, अशा वेळी अंदाजावर जाऊ नका.

---

धायरीकर | १२ मे, रात्री ११:५०

झालं मंडळी.

काकांनी सांगितलं तसं आधी ठशासाठी बसवलं. स्क्रू या वेळी शेवटच्या दीड फेऱ्यात स्पष्ट जड झाले, पूर्वी असा जोर कधीच लागला नव्हता. तेव्हाच हाताला कळलं. कूलर धरून हलवला तर बोर्डासकट कॅबिनेट हललं. काढायला गेलो तर लगेच सुटेना, पिळून सोडवावा लागला. आणि ठसा! मधे पेस्ट इतकी पातळ की निकेलची चकाकी खालून दिसत होती, कडांना चारही बाजूंनी बारीक राखाडी रेघ. मुलगी टॉर्च धरून उभी होती, तिने फोटो काढून ठेवलाय.

पुसलं, उभी रेघ ओढली, बसवलं. आकडे:

खोली ३४ अंश. नुसता चालू, काही न करता, ४१. सिनेबेंच अर्धा तास: सर्वात जास्त ६८. वेग पूर्ण वेळ ४.०. पंख्याचा आवाज निम्म्याहून कमी.

त्याच ब्रँडची पेस्ट, तोच कूलर, तोच प्रोसेसर. मी तीन वेळा तिच्याच आकारावर डोकं लावत बसलो होतो.

मेधाताई, काका, तुम्ही दोघांनी वेळ काढून एवढं लिहिलंत, मी आणि माझी मुलगी दोघंही मनापासून आभारी आहोत.

---

मेधा_दुरुस्ती | १३ मे, सकाळी ९:०५

वा! खोलीच्या वर ३४ अंश, उत्तम. हाच आकडा लिहून ठेवा. नुसते ६८ लिहिलेत तर डिसेंबरात खोली २० ची असताना ५५ दिसतील आणि वाटेल सुधारलं, पुढच्या मेमध्ये पुन्हा ६८ झाले की वाटेल बिघडलं. खोलीच्या वर किती चढतं ते बघायचं. ते ३४ चे ४५ झाले तर आधी हीटसिंकच्या पात्यांतली धूळ काढा. धायरी, नऱ्हे, सिंहगड रस्ता, तुमच्याकडे बांधकामं इतकी चालू आहेत की सहा महिन्यांत पात्यांवर गालिचा बसतो. धूळ काढूनही उतरलं नाही तर मग पेस्टकडे वळा.

---

निवांत | १३ मे, सकाळी १०:४०

यानिमित्ताने विचारतो. माझा लॅपटॉप चार वर्षांचा आहे, आता ९५ ला जातो. तिथेही हेच लागू का? आणि लिक्विड मेटल लावावं असं एका व्हिडिओत बघितलं.

---

मेधा_दुरुस्ती | १३ मे, दुपारी २:१५

निवांत, लॅपटॉपचं थोडं वेगळं आहे. तिथे वर झाकण नसतं, कूलर थेट सिलिकॉनच्या चिपवर टेकतो. मशीन तापतं-थंड होतं तशी चिप आणि तळ थोडे प्रसरण-आकुंचन पावतात, आणि पातळ पेस्ट हळूहळू मधून कडेला ढकलली जाते. पहिले दोन महिने छान, मग परत ९५, असं म्हणत माणसं येतात ती यामुळेच. म्हणून लॅपटॉपला मी घट्ट पेस्ट किंवा हनीवेलची पीटीएम७९५० ही पट्टी वापरते. ती थंड असताना घट्ट असते, ४५ अंशांच्या आसपास मऊ होऊन खड्ड्यांत शिरते आणि जागा सोडत नाही. कापायच्या आधी थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवली की संरक्षक कागद नीट निघतो.

लिक्विड मेटलला मी घरच्या घरी हात लावू देणार नाही. त्यात गॅलियम असतं. ते वीज वाहून नेतं, एक थेंब शेजारच्या बारीक कपॅसिटरवर गेला तर बोर्ड जाऊ शकतो. आणि गॅलियम ॲल्युमिनियम पोखरतं. कूलरचा तळ ॲल्युमिनियमचा असेल तर तो ठिसूळ होऊन चुरा होतो.

---

भोसरी_टूलरूम | १३ मे, सायंकाळी ५:००

धायरीकर, ६८ वाचून फार आनंद झाला. ठशाचा फोटो इथे टाका, पहिल्या वेळचा असेल तर तोही. दोन्ही शेजारी दिसले तर पुढच्या माणसाला शब्दांची गरज लागणार नाही.

---

कोथरूडची_सई | १४ मे, सकाळी ११:३०

धागा पहिल्यापासून वाचला. धायरीकर काका, एक विनंती आहे. माझ्याकडे आय-५ १०४०० आहे, म्हणजे १२०० सॉकेट. गेल्या वर्षी घर बदलताना कूलरचे खांब हरवले, तेव्हापासून बॉक्समधल्या छोट्या कूलरवर चालवतेय. तुमच्या कूलरचं वर्णन वाचून वाटतंय की तो माझाच. तुमचे ते जुने चार खांब आता लागणार नसतील तर मला मिळतील का?

---

धायरीकर | १४ मे, रात्री ९:१०

सई, नक्की. मॉडेल व्यक्तिगत निरोपात कळव, ताडून बघतो. चारही खांब पुडीत घालून वर "११५१ / १२००" अशी चिठ्ठी चिकटवून ठेवले आहेत. शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास तपकीर गल्लीत येणार आहे, कॅबिनेटच्या मागच्या पंख्यासाठी. तिथेच देतो. बॅकप्लेट तुझ्याकडे आहे ना ते आधी बघ. बसवलास की आधी कूलर हलवून बघ, आणि ठसा घे.

काका, दोन्ही फोटो उद्या टाकतो. मुलीचा रेंडर चालू आहे, मशीनला आत्ता हात लावायची परवानगी नाही.